मिशेलिन स्टार मिळवण्यासाठी शेफला कोणता मार्ग धरावा लागतो?

आपण हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि मिशेलिन स्टारपर्यंत पोहोचण्यासाठी आतापासून काय करावे, असे आपण विचारले आहे. मी मुंबईतील स्वयंपाकघरांत सोळा वर्षे काढली आहेत. माझ्याकडे स्टार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा स्टार म्हणजे मिशेलिन गाइड या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेने दिलेला मान. तो शेफला नव्हे, रेस्टॉरंटला मिळतो; शेफ दुसरीकडे गेला तरी तो बरोबर नेता येत नाही. शिवाय भारतासाठी मिशेलिन गाइड आजवर निघालेले नाही. त्यामुळे विनीत भाटिया आणि अतुल कोचर या मूळ भारतीय शेफना २००१ साली हा मान मिळाला तो लंडनमधील रेस्टॉरंटांसाठी. गरिमा अरोरा मुंबईत पत्रकारिता सोडून पॅरिसला स्वयंपाक शिकायला गेल्या, कोपनहेगनच्या नोमा या नामांकित रेस्टॉरंटात राबल्या, २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी 'गा' हे रेस्टॉरंट सुरू केले आणि २०१८ मध्ये त्याला स्टार मिळाला. रेस्टॉरंट वर्षभरातच नावारूपाला आले असे वाटते खरे, पण त्यामागची दुसऱ्यांच्या हाताखालची वर्षे मोजायला हवीत.

मिशेलिनचे निरीक्षक ओळख न देता येतात आणि जिन्नसांचा दर्जा, तंत्रावरील हुकमत, चवींचा मेळ, पदार्थात उमटणारे शेफचे व्यक्तिमत्त्व आणि सातत्य या पाच गोष्टी पाहतात. नवोदितांचा सगळा जीव चौथ्या गोष्टीत अडकलेला असतो. माझाही होता.

कॉमी, म्हणजे स्वयंपाकघरातला सर्वांत कनिष्ठ शेफ, असताना माझ्याकडे टेस्टिंग मेन्यूमधील (थोडे थोडे अनेक पदार्थ क्रमाने देणाऱ्या जेवणातील) सोलकढी होती, प्रत्येकाला जेमतेम दोन घोट. एके दिवशी आगळाची (कोकमाच्या अर्काची) नवी बाटली उघडली, लिहून दिलेले माप काटेकोर पाळले आणि चाळीस ग्लास भरून ठेवले. सू शेफने, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालच्या शेफने, चमचाभर चाखली आणि सगळी सोलकढी मोरीत ओतायला लावली. "माप बरोबर असेल, पण ही कालची चव नाही," एवढेच ते म्हणाले. नवे आगळ अधिक खारट होते आणि ते नारळाच्या दुधात मिसळण्याआधी मी जिभेवर ठेवूनही पाहिले नव्हते. त्या रात्री पहिले टेबल बसेपर्यंत मी नारळ खवत होतो.

हे सातत्य हातात यावे म्हणून माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षे मोठ्या हॉटेलात काढावीत. बँक्वेटचे (मोठ्या मेजवान्यांचे) काम कंटाळवाणे असते, ब्रेक शिफ्टमध्ये (मध्ये खंड असलेल्या दोन तुकड्यांच्या पाळीत) दिवस संपतो, पण हात तिथेच बसतो. त्यानंतर लहान रेस्टॉरंटमध्ये जावे, एकेका सेक्शनवर वर्षभर टिकावे आणि सीडीपी (शेफ द पार्ती, म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख) झाल्यावरच परदेशाचा विचार करावा. तोवर सुट्टीत वीस-तीस खुर्च्यांच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये स्टाजसाठी (शिकण्यासाठी काही दिवस काम करण्यासाठी) विचारून पाहा. त्याचा पगार बहुधा मिळत नाही, तेव्हा राहण्याची आणि रात्री उशिरा परतण्याची सोय आधी करून ठेवा.