दसऱ्याला उरलेल्या झेंडूपासून घरी कॅलेंडुला तेल बनवता येईल का? आणि त्याला छान वास कसा आणायचा?

नाही. झेंडूपासून झेंडूचं तेल होतं. कॅलेंडुला हे निराळं झाड, भूमध्य समुद्राकडचं. आपला तोरणातला झेंडू मेक्सिकोकडून आलेला. दोघं सूर्यफुलाच्या कुळातले आहेत खरे, पण त्या कुळात गाजरगवतही येतं.

उत्तर इथेच संपायला हवं, पण या प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालंय. तेव्हा थोडं सहन करा.

आम्ही वाईचे. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून दिवाळीच्या प्रदर्शनांसाठी साबण, मलम, तेल करायचो. कॅलेंडुला मी परसात लावते. ऑक्टोबरात बी टाकलं की डिसेंबर ते मार्च फुलं. दव सुकल्यावर खुडायची. बोटं चिकट झाली पाहिजेत, तो चीक महत्त्वाचा. मग सावलीत वाळवायची, खालचा हिरवा देठाकडचा भाग कडक होईपर्यंत, कारण ओल तिथेच लपते आणि तेल खवट होतं. बरणी फुलांनी भरायची, वर फुलं बुडतील इतकं सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल, चार ते सहा आठवडे मुरू द्यायचं, गाळायचं. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून मी घेत नाही. एवढा खटाटोप करून पुढच्या दिवाळीला मोजक्याच बाटल्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी जाऊबाई मंडईतून दोन पोती झेंडू घेऊन आल्या. तुम्हाला माहीतच आहे, सकाळी ज्याला भाव असतो ते संध्याकाळी शेतकरी रस्त्यावर ओतून जातो. "फुकट मिळालंय, कॅलेंडुला म्हणजे झेंडूच की," असं म्हणून शेजारणींना घेऊन पाकळ्या तोडायला बसल्यासुद्धा. मी बरण्या द्यायला नकार दिला. सासूबाई म्हणाल्या, फूल ते फूल. दिवाळी तोंडावर, मुरायला वेळ नाही, म्हणून जाऊबाईंनी पातेल्यात पाण्यावर तापवून तेल काढलं. रंग असा केशरी उतरला की बघत राहावं! वर कुठूनसं आणलेलं 'मॅरिगोल्ड' सेंट ओतलं आणि लेबल लावलं 'कॅलेंडुला'.

प्रदर्शनात लोक काय करतात? झाकण उघडतात आणि नाक लावतात. माझ्या तेलाला वाळल्या गवताचा, जरा कडवट वास. त्यांचं सगळं संपलं, माझं परत आलं. कोणाला पुरळ वगैरे आलं नाही, तेही सांगते, नाहीतर मी डूख धरून लिहितेय असं वाटेल. (धरलाच आहे.)

तर आता वासाबद्दल. कॅलेंडुलात सुगंधी तेल अगदी नावाला असतं, त्याच्यावर अत्तराचा धंदा चालत नाही. अत्तरवाले वापरतात तो झेंडू. कनौजला देग-भपक्यात, म्हणजे अर्क काढायच्या तांब्याच्या भांड्यांत, गेंद्याचं (झेंडूचंच) अत्तर काढतात, आणि हिमाचल-उत्तराखंडकडच्या रानझेंडूचं तेल परफ्युमरीत जातं. हिरव्या सफरचंदासारखा तिखट-गोड वास, थेंबभर पुरे. पण हे तेल कातडीला लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखं होऊ शकतं, म्हणून अंगावर राहणाऱ्या वस्तूंत त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.०१ टक्का आहे. म्हणजे लहान मुलाच्या मलमात 'जरा वासापुरतं' ओतायची ही चीज नव्हे. वास हवाच असेल तर अत्तर वेगळं लावा. मलमाचं काम मलमाला करू द्या.

आणि तो केशरी रंग? ल्यूटिन नावाचं रंगद्रव्य. झेंडूचा हाच अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, बलक पिवळाधमक दिसावा म्हणून. सूज उतरवण्याचं श्रेय दिलं जातं ते कॅलेंडुलातल्या फॅराडिऑल नावाच्या घटकाला. २००४ साली फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ बायकांवर चाचणी झाली. ज्यांना कॅलेंडुलाचं मलम दिलं त्यांच्यात कातडीचा त्रास जास्त झालेल्या ४१ टक्के, दुसऱ्या मलमाच्या गटात ६३ टक्के. हा आकडा मी जाऊबाईंना तोंडावर सांगितला होता. नंतर स्वीडनमधल्या चाचणीत मात्र साध्या क्रीमपेक्षा काही फरक दिसला नाही. तो तेव्हा सांगितला नव्हता. इथे सांगते.

अजून एक, हे आधी लिहायला हवं होतं. गाजरगवत, शेवंती असल्या झाडांची ॲलर्जी असेल तर कॅलेंडुलाही जपून. कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा. उघड्या, ओल्या जखमेवर घरचं तेल नको.

तुमच्याकडे झेंडू उरलाच असेल तर उकळून रंग काढा. तुरटी लावलेल्या सुती कापडावर सुरेख पिवळा चढतो. जाऊबाईंनाही तेव्हा मी हेच सुचवलं होतं, दोन पोत्यांत घरातले सगळे पडदे झाले असते. आणि तेलच करायचं असेल तर करा, विकाही, पण लेबलवर झेंडू लिहा.