झाडाला चेहरा नसतो

"मॅडम, मी फार मनाला लावून घेतो. हे कमी कसं करायचं?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरचा माणूस खुर्चीत टेकतानाच ते येणार हे कळतं. विचारणारे विशीतले असतात, तसे साठीतलेही. घरच्यांनी त्यांना दिलेला सल्लाही ठरलेला असतो: गेंड्याची कातडी कर. ती कुठे मिळते, हे मात्र कोणी सांगत नाही.

सुहास (नाव आणि तपशील बदलले आहेत) अडतीस वर्षांचे, पुण्यातल्या एका पतसंस्थेत वसुलीला. थकलेल्या हप्त्यांसाठी दिवसाला चाळीसेक फोन. पलीकडचा माणूस "साहेब, पुढच्या महिन्यात नक्की" म्हणाला, की त्याच्या घरात आजारपण आहे की तो थाप मारतोय, हे यांना आवाजावरून कळायचं. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. संध्याकाळी घरी आल्यावर मिक्सरचा आवाज सहन व्हायचा नाही. मुलगी जोरात हसली तरी ओरडायचे आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत पडायचे. "बायकांसारखं काय हळवं व्हायचं?" असं सासरे चार वर्षांपूर्वी म्हणाले होते. ते त्यांना अजून सुरासकट पाठ होतं.

इलेन अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९०च्या दशकापासून अशा अतिसंवेदनशील माणसांवर काम करत आल्या आहेत. त्यांच्या अंदाजाने शंभरातली पंधरा ते वीस माणसं मुळातच अशी असतात. आवाज, उजेड, वास, दुसऱ्याचा मूड, सगळ्याची नोंद खोलवर घेणारी आणि म्हणूनच लवकर दमणारी. हा आजार नाही. आणि स्त्री-पुरुषांत याचं प्रमाण साधारण सारखंच असतं, असं त्या सांगतात. हे मी सांगितलं तेव्हा सुहास पहिल्यांदा नीट टेकून बसले. "पुरुषसुद्धा?" एवढंच म्हणाले.

पुढे माझं चुकलं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली. घटना, त्यावरचा विचार, त्यातून आलेली भावना हे वहीत मांडा, मग विचार तपासू, ही माझी हातखंडा सुरुवात. सुहासनी आठवड्यात अकरा पानं भरून आणली, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक कर्जदाराची बाजूही लिहिली होती! झोप आणखी उडाली होती. गच्च भरलेल्या एसटीत मी अजून चार उतारू चढवले होते.

मग श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं. तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी डोळे उघडले. "मॅडम, आत तर जास्तच गोंगाट आहे."

हे वाक्य मी लिहून ठेवलं. सजगता म्हणजे डोळे मिटून आत पाहणं, असं आपण धरून चालतो. पण ज्याच्या आत आधीच गर्दी आहे, त्याने लक्ष बाहेर न्यावं. फक्त ते बाहेर कुठे, हा प्रश्न होता.

जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' हा शब्द रूढ केला. शिनरिन म्हणजे अरण्य, योकू म्हणजे स्नान. तिथे पुढे चोवीस जंगलांत प्रयोग झाले. झाडीत फिरून, नुसतं बसून आलेल्यांचं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक), नाडी आणि रक्तदाब शहरात थांबलेल्यांपेक्षा कमी भरला. ते सगळे तरुण विद्यार्थी होते, वसुलीला बसणारे नव्हेत, म्हणून मी फार हुरळून गेले नाही. पण आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडी आहे. तिथे जपानसारखे हिनोकीचे वृक्ष नसले तरी चालेल म्हटलं.

पहिल्या रविवारी सुहास जाऊन आले आणि चिडून सांगू लागले: दहा हजार पावलं झाली, एक व्याख्यान ऐकून झालं, सतरा प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजल्या, आणि एक आजोबा मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून फिरत होते. टेकडीचाही त्यांनी गृहपाठ केला होता.

"सुहास, पुढच्या वेळी चालायचं नाही," मी म्हटलं. "मधल्या वारी दुपारी चारला जा, तेव्हा गर्दी कमी असते. फोन सायलेंट करून पिशवीत. एक झाड निवडा, त्याच्याजवळ बसा. सगळ्यात लांबचा आवाज कोणता, तो ऐका. मग त्याच्या अलीकडचा. वीस मिनिटं. काही वाटलंच पाहिजे असं नाही."

"आणि विचार आले तर?"

"येऊ देत. पुन्हा लांबचा आवाज शोधा."

तीन आठवड्यांनी ते आले, बसले आणि बराच वेळ गप्प राहिले. मीही काही विचारलं नाही. आमच्या कामात ही शांतता ओळखता यावी लागते आणि ती मोडू नये एवढी अक्कल मला पंधरा वर्षांत आली आहे.

"मोईचं झाड आहे," ते म्हणाले. "पानं गळलीत सगळी. लांबून तांबट पक्षी ऐकू येतो, टुक टुक. मी बसलो होतो... आणि एकदम लक्षात आलं, इथे कोणालाच माझ्याकडून काही नकोय. झाड माझ्यावर नाराज नाही. खूशही नाही." डोळे भरून आले होते. "मॅडम, त्याला चेहराच नाही हो."

त्या दिवशी घरी जाताना मी हेच घोळवत होते. मी मिक्सर आणि ट्यूबलाइटच्या मागे लागले होते. यांना दमवत होता तो चेहरा वाचणं, आवाज वाचणं: फोनवर, जेवणाच्या टेबलावर, लग्नकार्यात, अगदी माझ्यासमोरच्या खुर्चीतसुद्धा. रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की नेटाने धरून ठेवलेलं लक्ष थकतं. हलणारी पानं, ढग ते अलगद ओढून घेतात, तेव्हा त्याला विसावा मिळतो. हळव्या माणसाबाबत मी त्याला जोड देईन: जिथे कोणाची मर्जी ओळखायची नसते, तिथेच तो विसावा मिळतो.

म्हणून आता असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते, दिवसात बिनचेहऱ्याची वेळ किती? बहुतेकांचं उत्तर शून्य असतं, कारण उरलेली वेळ मोबाइल खातो आणि त्यात तर चेहरेच चेहरे. टेकडी हवीच असं नाही. सोसायटीतला एखादा कडुनिंब चालतो, गच्चीतली कुंडीही. मात्र रोज तेच झाड ठेवा. नवी जागा म्हटलं की हे मन नव्याने टेहळणीला लागतं. एकटं जा, सोबत आली की तिचा मूड आला. स्त्रियांनी सुरक्षित, वर्दळ दिसेल अशी जागा निवडावी. धास्ती असेल तिथे कसला विसावा? किती वेळ? इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान अधिक चांगलं दिसलं. सलग की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. आठवड्यात सहा वेळा वीस मिनिटं, झालं.

पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर झाडाखाली बसून राहू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा आधी १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोला.

सुहासनी कागदपत्रांच्या विभागात बदली मागितली होती. ती मिळाली नाही. वसुलीचे फोन जेवणाच्या सुट्टीपर्यंतच, दुपारनंतर टेबलाचं काम, एवढं साहेबांनी मान्य केलं. विचारांची वही आम्ही नंतर पुन्हा उघडली. आता दिवसाला अर्धं पान भरतं.

श्रावणात त्यांचा मेसेज आला. घराजवळ ढोलपथकाचा सराव सुरू झाला होता. "कानात कापूस घातलाय. सासरे आलेत, त्यांनी विचारलं हे काय. म्हटलं, मला आवाज सहन होत नाही. त्यांनीही मागितला."