फ्रीजमागचा ट्रे काढून त्याचं पाणी पाईपने थेट मोरीत सोडलं तर चालेल का?

नाही. ट्रे काढू नका आणि पाईप मोरीत तर मुळीच खोचू नका.

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात फ्रीजमागचा ट्रे भरून पाणी फरशीवर येतं, सारखा फ्रीज ओढावा लागतो आणि शेजारच्यांनी ‘एसीला लावतात तसा पाईप लावून टाका’ असं सुचवलंय. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय. फक्त शेजाऱ्यांच्या जागी माझे मोठे दीर होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कोथरूडला राहतो. माझा सणाच्या पदार्थांचा घरगुती व्यवसाय आहे. स्वयंपाकघरात डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आणि आतल्या खोलीत एक डीप फ्रीजर. गणपती आणि गौरीही आमच्याकडेच, त्यामुळे दीर-जावा, पोरंटोरं सगळी आमच्याकडे उतरतात. त्या दिवसांत फ्रीजचं दार मिटतच नाही. कुणी दूर्वा आणि विड्याची पानं ठेवतंय, कुणी पंचामृताचं दूध काढतंय, पोरं उगाच दार उघडून उभी, आणि सारणाचं पातेलं कोमट असतानाच कुणीतरी आत ढकलून मोकळं होतं. बाहेर पावसाची झड लागलेली. त्या वर्षी गौरीजेवणाच्या सकाळी फ्रीजखालून ओघळ निघाला आणि पानं मांडली होती तिथपर्यंत आला. सासूबाई घसरता घसरता वाचल्या.

भाऊजींनी फ्रीज ओढला. मागे कॉम्प्रेसरवरचा ट्रे तुडुंब. “पाईपचे चार पैसे वाचवायला कंपनीने हे डबकं ठेवलंय,” म्हणाले, आणि ट्रे उपसून माळ्यावर टाकला. पाणी ज्या नळीतून ट्रेमध्ये पडतं तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर होतं. त्यावर पाईप बसेना, म्हणून कात्रीने ते कापलं. मग एक पारदर्शक पाईप चढवून त्याचं दुसरं टोक भांडी घासायच्या मोरीच्या जाळीत खोचून दिलं. पाणी थांबलं. भाऊजींचं आयुष्य कारखान्यात मेंटेनन्सला गेलेलं, त्यामुळे घरात कुणी उलट बोललं नाही. मी बोलले. “भाऊजी, ट्रे काहीतरी कारणानेच दिला असेल ना?” तर म्हणाले, “अगं, एसीचं पाणी कोण ट्रेमध्ये साठवतं?”

हा युक्तिवाद तुमच्या शेजाऱ्यांचाही आहे, म्हणून आधी तो निकालात काढते. एसी पावसाळ्यात तासाला लिटरच्या हिशोबात पाणी काढू शकतो. इतकं पाणी सुकवायचं कुठे? फ्रीजचा हिशोब वेगळा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत घनमीटरला साधारण 20 ग्रॅम बाष्प असतं. 4 अंशांच्या हवेत जेमतेम 6 ग्रॅम मावतं. म्हणजे 250 लिटरच्या फ्रीजमधली सगळीच्या सगळी हवा एकदा बदलली तरी आत साडेतीन ग्रॅम पाणी सुटतं. दार दिवसात चाळीस-पन्नास वेळा उघडलं तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. उघड्या भांड्यांतली, ओल्या भाज्यांतली वाफ वेगळी. एरवीच्या दिवशी वाटी-दीड वाटी पाणी, बास.

हे बाष्प फ्रीजरमागच्या कॉइलवर हिम होऊन बसतं. टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतं, हिम वितळतं, खालच्या पन्हळीतून नळीत आणि नळीतून ट्रेमध्ये येतं. ट्रे कॉम्प्रेसरच्या डोक्यावर बसवलाय तो जागा मिळाली म्हणून नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला विजेच्या साधारण 0.67 युनिटइतकी उष्णता लागते, म्हणजे 200 मिलीला 0.13 युनिट. फ्रीज दिवसाला एक युनिट वीज खात असेल तर ते अख्खं युनिट, शिवाय आतून उपसलेली उष्णता, हे सगळं तो मागून बाहेर टाकतच असतो. त्यातल्याच थोड्या उष्णतेवर पाणी उडून जातं. वेगळी वीज लागत नाही, उलट कॉम्प्रेसरला किंचित गारवाच मिळतो. फ्रीज घरात कुठेही हलवा, नळजोडणीची गरज नाही. इतकी साधी आणि हुशार रचना आहे, तिला कंजूषपणा म्हणणं मला आजही लागतं.

मग पावसाळ्यातच ट्रे का भरतो? कारण तेव्हा दोन्ही गोष्टी उलट्या होतात. एप्रिलच्या दुपारी पुण्यात 38 अंशांना हवा इतकी कोरडी असते की घनमीटरला सात-आठ ग्रॅमच बाष्प. फ्रीजमध्ये पाणी शिरतच नाही, आणि शिरलेलं भुर्रकन उडतं. आषाढ-श्रावणात पाणी जास्त येतं आणि बाहेरची हवा ते घ्यायला तयार नसते. त्यात फ्रीज भिंतीला चिकटवलेला असेल तर मागची दमट हवा हलतच नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू चालतो, त्याचं डोकं जुन्या कॉम्प्रेसरइतकं तापत नाही, म्हणून नव्या फ्रीजमध्ये ट्रे जास्त दिवस ओला दिसतो. हा बिघाड नाही.

आता आमच्या पाईपचं पुढे काय झालं ते सांगते. दसऱ्याच्या श्रीखंडाच्या ऑर्डरी होत्या. चक्का रात्रभर बांधून सकाळी फ्रीजमध्ये ठेवला होता. संध्याकाळी साखर घालून फेटताना मला वास आला. मोरीचा. आधी वाटलं हाताला येतोय, मग डबा उघडून नाकाशी धरला. चक्का वास किती पटकन ओढतो हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मी तो सगळा टाकला, गिऱ्हाइकांना फोन करून ऑर्डरी परत केल्या. सणाच्या तोंडावर “या वेळी नाही जमणार” असं सांगणं म्हणजे काय असतं ते व्यवसाय करणारीलाच कळतं. त्यातली काही घरं परत आली नाहीत.

वास आला कसा? फ्रीजचं दार लावल्यावर लगेच पुन्हा उघडायला गेलात तर ते घट्ट बसलेलं लागतं ना? आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि आतून ओढ तयार होते. ती ओढ मिळेल तिथून हवा खेचते. रबराची चोच तेवढ्यासाठीच असते. पाणी आलं की उघडते, एरवी मिटलेली. ती कापली आणि नळीचं तोंड मोरीच्या भोकात दिलं, म्हणजे फ्रीजला गटाराच्या हवेचा रस्ता करून दिला. दर वेळी दार लावलं की एक घोट आत. शिवाय मोरीतली गरम दमट हवा नळीतून वर चढून फ्रीजरच्या तोंडाशी गोठत गेली. तिथे बर्फाचा बूच बसला, आणि वितळलेलं पाणी उलटं फिरून भाजीच्या ड्रॉवरखाली साचायला लागलं. कोथिंबीर पाण्यात तरंगत होती.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने फ्रीज न ओढताच “गॅस संपलाय, भरावा लागेल” असं सांगितलं. मी म्हटलं, गॅस कमी असता तर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा झाला असता का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला चहा देऊन परत पाठवलं. फ्रीज बंद करून दारं उघडी ठेवली, रात्रभरात बूच वितळला. पाईप उपटला, माळ्यावरचा ट्रे घासून परत बसवला, रबर शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं. अगदी किरकोळ किमतीचं निघालं. आतून सोड्याच्या पाण्याने पुसून काढलं, तरी वास पुरता जायला दिवाळी उजाडली.

भाऊजींचं म्हणणं आजही कायम आहे: दोष मोरीचा, पाईपचा नाही. आणि प्रत्येक समारंभात त्यांचा हुकमाचा एक्का असतो, “कोल्ड स्टोरेजला पाईपच असतात.” असतात. पण तिथे पाईपला पाण्याचा सापळा असतो, म्हणजे वाकात कायम पाणी राहून हवा अडते, आणि शून्याखालच्या खोलीत पाईपला गरम ठेवणारी हीटरची वायर गुंडाळलेली असते. दुकानांतल्या कित्येक मोठ्या फ्रीज-कपाटांना तर ट्रेच असतो आणि तो सुकवायला वेगळा विजेचा हीटर. म्हणजे ज्यांचं रोजचं काम हे, ते लोकही उघडा पाईप गटारात खोचत नाहीत. कारखान्यातल्या माणसाला हे मी सांगायला लागू नये.

तुमच्या ट्रेचं म्हणाल तर, आधी पाणी खरोखर ट्रे भरूनच येतंय का ते बघा. ट्रे अर्धा रिकामा आणि फरशी ओली असेल तर नळी ट्रेच्या बाहेर सरकली आहे किंवा ट्रेला चीर गेली आहे. भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी असेल तर नळी तुंबली आहे. आतलं भोक दिसत असेल तर मोठ्या सिरिंजने, सुई काढून, कोमट पाणी सोडा, शेवाळासारखा गाळ निघेल. तार घालून ढोसू नका. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर बाहेरची हवा दिवसरात्र आत जातेय, आणि मग ट्रे लवकर भरेल. फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. गरम पातेली आत ढकलू नका, पातळ पदार्थ झाकून ठेवा. आमच्याकडे एवढ्यावर गौरीचे दिवसही निभावतात. सणाच्या आठवड्यात मी मधेच एकदा जास्तीचा ट्रे रिकामा करते, तेवढंच.

पावसाळ्यात ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करायलाच हवा, भरलेला असो वा नसो, आणि त्याचं कारण डेंग्यू. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, त्याला वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं. महापालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा कुंड्यांच्या बशा आणि कूलरबरोबर फ्रीजचा ट्रेही बघतात. आमच्या इमारतीत कित्येकांना फ्रीजला मागे ट्रे असतो हेच तेव्हा कळलं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन् महिने तग धरतात, म्हणून घासणीने कडा घासा. ट्रेमध्ये फिनेल टाकू नका. खाली कॉम्प्रेसर तापतो आणि सगळं स्वयंपाकघर फिनेलने भरतं. आणि हे पाणी ‘डिस्टिल्डच की’ म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालणारे लोक मला माहीत आहेत. ते धुळीच्या पन्हळीतून, बुळबुळीत नळीतून आलेलं पाणी आहे. झाडांना घाला, बॅटरीत नको.

डीप फ्रीजरची गोष्ट वेगळी. माझ्या पेटीसारख्या फ्रीजरमध्ये आपोआप डीफ्रॉस्ट नाही. बंद करून बर्फ वितळवला की काही तासांत बादलीभर पाणी निघतं, आणि तळाशी बूच असतं ते त्यासाठीच. तिथे पाईप लावून बादलीत किंवा मोरीत सोडा, काम झालं की बूच परत घट्ट बसवा. बर्फ सुरीने खरवडू नका. नव्या फ्रीजांत बहुतेक आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा वायू आहे, आणि नळीला भोक पडलं तर दुरुस्ती परवडत नाही.

इतकं सांगूनही साध्या फ्रीजला पाईप लावायचाच असेल, घरात ओढायला कुणी नसेल, गुडघे साथ देत नसतील, तर निदान रबराची चोच कापू नका. पाईप ट्रेच्या वरच्या कडेजवळून काढा, म्हणजे ट्रे भरला तरच जास्तीचं पाणी जाईल, आणि त्याचं टोक मोरीत न घालता मोरीच्या वर वीतभर उंच मोकळं ठेवा. प्लग काढल्याशिवाय मागे हात घालू नका, कॉम्प्रेसर भाजतो. आणि काही मॉडेलमध्ये ट्रे कॉम्प्रेसरला क्लिपने किंवा स्क्रूने पक्का असतो. तो ओढून निघत नसेल तर जोर लावू नका. सिरिंजने पाणी ओढून घ्या, आणि जुन्या टूथब्रशला फडकं गुंडाळून कडा पुसून घ्या.