नॅव्ह दाबलं की 'नो डेटा' : वायरी उपटण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बोटीवरचा चार्टप्लॉटर (नकाशावर जागा आणि वाट दाखवणारा पडदा) एका कंपनीचा, ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारा) दुसऱ्या कंपनीचा, दोघंही एनएमईए ०१८३ वाले (बोटीवरच्या यंत्रांनी वायरीतून एकमेकांशी बोलायची पद्धत). वायरी जोडल्या. 'ऑटो'वर (दिलेली दिशा धरून) बोट सरळ जाते, पण 'नॅव्ह' (प्लॉटर सांगेल त्या वाटेने) दाबलं की 'नो डेटा'. वायरिंग चुकलं, की प्लॉटरच बदलावा?

प्लॉटर बदलू नका. आधी त्यात एखाद्या ठिकाणावर 'गो टू' दाबा आणि मग पायलटकडे बघा. निम्म्या वेळा गोष्ट तिथेच मिटते.

नागपूरचा माणूस बोटीवर काय बोलणार, असं वाटेल. बरोबर आहे, आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. माझं सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे आणि कळमना मार्केटचे वजनकाटे दुरुस्त करण्यात माझा जन्म चाललाय. काट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरला वजन पाठवतो ते सिरीयल पोर्टवरून, आणि ०१८३ म्हणजे त्याचंच भावंड. माझा भाचा मालवणला पर्यटकांना बोटीने फिरवतो. मागच्या मे महिन्यात तो प्लॉटर, पायलटचा कंट्रोल बॉक्स आणि होकायंत्र खोक्यात भरून घेऊन आला. तक्रार हुबेहूब तुमचीच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सगळं टेबलावर चालू केलं, अँटेना गच्चीत ठेवली. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर ४८०० बॉडला (बॉड म्हणजे डेटाचा वेग) बघितलं तर वाक्यं, म्हणजे डेटाच्या ओळी, धडाधड येऊन राहिली होती. पोझिशन सांगणाऱ्या आरएमसी नावाच्या वाक्यात अक्षांश होता २१०८ आणि पुढे टिंब. हे २१.०८ अंश नाही हं, २१ अंश ८ मिनिटं आहे; दशांश समजून वाचलं तर नागपूर सहा-सात किलोमीटर सरकतं. भाचा म्हणाला, "मामा, पोझिशन तर जातेय, मग हा नाही का म्हणतो?" मी दोन दिवस वायरी उलटसुलट करत बसलो, लाज वाटते सांगायला.

पायलटला पोझिशन नकोच असते. तुम्ही कुठे आहात याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ठरलेल्या रेषेपासून किती डावी-उजवीकडे सरकलात आणि पुढच्या बिंदूची दिशा कोणती, एवढंच त्याला हवं. ते एपीबी, एक्सटीई, आरएमबी अशा वाक्यांत येतं. आणि प्लॉटरपुढे जायचं ठिकाणच ठेवलं नसेल तर तो ही वाक्यं पाठवत नाही, किंवा रिकामी पाठवतो. आम्ही अंबाझरी तलावाच्या मधोमध बिंदू टाकून 'गो टू' दाबलं, आणि लॅपटॉपवर एपीबी उमटलं. पायलटने लगेच पश्चिमेकडे वळायची तयारी दाखवली. दुकानातून.

तुमच्याकडे तरीही नाहीच आलं, तर प्लॉटरच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टवर एपीबी चालू आहे का बघा, आणि वेगही. एआयएससाठी (आसपासच्या जहाजांची माहिती देणारं यंत्र) कोणी ते पोर्ट ३८४०० करून ठेवलं असेल तर ४८००चा पायलट बहिराच राहणार.

आता वायरी. बोलणाऱ्याचा (डेटा पाठवणाऱ्याचा, इथे प्लॉटरचा) आउटपुट ए ऐकणाऱ्याच्या (इथे पायलटच्या) इनपुट ए ला, बी ला बी. काही मॅन्युअलांत ए-बी ऐवजी प्लस-मायनस लिहितात. जुन्या प्लॉटरला एकच टीएक्स (डेटा पाठवायची वायर) आणि ग्राउंड असतं. तेव्हा टीएक्स पायलटच्या प्लसला आणि प्लॉटरचं ग्राउंड पायलटच्या इनपुट मायनसला. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा पिवळा वेगळं काम करतो. एक बोलणारा आणि ऐकणारे अनेक हे चालतं. दोन बोलणारे एका जोडीवर बांधले की दोघांचंही कळत नाही, त्यासाठी मल्टिप्लेक्सर (अनेकांचा डेटा एका जोडीवर आणणारा डबा) लागतो. आणि १२ व्होल्टची वायर चुकून डेटाच्या स्क्रूवर नको.

'ऑटो' चालतं म्हणून होकायंत्र ठीक आहे असं मात्र समजू नका. पायलट बोटीच्या नाकाची दिशा त्याच्याकडूनच घेतो. जीपीएस सांगतो ती बोट सरकतेय ती दिशा, आणि हळू चालताना तो आकडा भटकतो. आमच्या टेबलावर होकायंत्र उत्तर भलतीकडेच दाखवत होतं. शेजारी आमचा लोखंडी पत्र्याचा कूलर. टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं, उत्तर जागेवर आली. (मे महिन्यात कूलरपासून लांब बसणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारा.) बोटीवर कूलर नसला तरी स्पीकर, नांगराची साखळी, पान्यांची पेटी असतेच. होकायंत्र त्यांच्यापासून दूर बसवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसे शांत पाण्यात सावकाश गोल फिरून कॅलिब्रेशन करा, म्हणजे होकायंत्राची चूक काढून टाका.

पुढेमागे एनएमईए २००० वर (०१८३ नंतरची पद्धत) गेलात तर तिथे हा ए-बीचा घोळ नाही, एकच मुख्य केबल आणि तिला टी लावून फांद्या. फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) लागतात. वीज बंद करून डेटाच्या दोन वायरींत मीटर लावला की ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब, ४० आलं तर कोणीतरी तिसरा खोचलाय.

समुद्रावर पहिल्यांदा 'नॅव्ह' दाबताना मोकळ्या पाण्यात जा आणि हात स्टँडबायच्या (पायलट सोडून सुकाणू तुमच्या हातात देणाऱ्या) बटणावर ठेवा. बिंदू मागे असेल तर पायलट बोट तिकडेच वळवायला निघतो; मधे खडक आहे की जाळं, हे त्याला दिसत नाही.

एवढं करूनही 'नो डेटा'च राहिलं तर दोन्ही मॉडेल आणि कोणती वायर कुठे लावली ते इथे लिहा. मागच्या कनेक्टरचा फोटो टाकलात तर बरं, पण टॉर्चच्या उजेडात काढा. भाच्याने पाठवलेल्या पहिल्या फोटोत मला फक्त त्याचा अंगठा दिसला होता.