नागपुरात पहिल्यांदा ॲक्युपंक्चर घ्यायचे आहे. सुया दुखतात का, किती सिटिंग लागतात आणि सोबत दिलेली चिनी औषधे घ्यावीत का?

सुया इंजेक्शनइतक्या दुखत नाहीत. ही सुई पोकळ नसून भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि ती टोचताना जेवढे जाणवते त्याहून आत गेल्यावर येणारा जडपणा व झिणझिण्याच अधिक जाणवतात. चिनी परंपरेत या जाणिवेला ‘दे ची’ म्हणतात आणि ती येणे हे सुई योग्य जागी बसल्याचे लक्षण मानतात. एवढ्यावर मी थांबलेही असते; परंतु आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण नेमक्या त्याच विषयावरून आमच्या घरात गेली अनेक वर्षे वाद चालू आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवीत होते आणि मला मधुमेह आहे. मधुमेह्यांमध्ये फ्रोझन शोल्डरचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते, हे मला खांदा धरल्यानंतर कळले. हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याचा वरचा अर्धा भाग रोज कोरा का राहतो, असे आठवीच्या मुलींनी विचारले तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक इंजेक्शन दिले, फिजिओथेरपी झाली, आणि तरीही रात्री त्या कुशीवर वळले की जाग येत असे. शेवटी एका सहशिक्षिकेच्या सांगण्यावरून धरमपेठेतील एका ॲक्युपंक्चर उपचारकाकडे गेले.

त्यांनी प्रथम जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, आणि झोप, तहान, शौच, घाम यांविषयी इतके प्रश्न विचारले की खांद्याची पाळी येते की नाही अशी शंका वाटू लागली. जिभेवरचा पिवळसर थर पाहून त्यांनी शरीरात ‘ओलसर उष्णता’ असल्याचे निदान केले. येथे मला एक कबुली दिली पाहिजे: मधुमेह असतानाही वाटेत मी संत्रा बर्फीचा एक तुकडा खाल्ला होता आणि ते सांगण्याची मला लाज वाटली. त्यामुळे आपण जाताना रंगीत पदार्थ, चहा, पान यांपैकी काहीही खाऊन-पिऊन जाऊ नये आणि त्या दिवशी जीभही खरवडू नये. नाहीतर निदान आपले न होता बर्फीचे होईल.

त्यानंतर त्यांनी सुई टोचली ती नडगीत. गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध, नडगीच्या हाडाच्या बाहेरील अंगाला ‘तियाओकौ’ नावाचा बिंदू आहे आणि आखडलेल्या खांद्यासाठी तो पूर्वापार वापरला जातो. सुई तेथे ठेवून ती फिरवीत असतानाच मला हात हळूहळू उचलायला सांगितले. हात त्या दिवशी फारसा वर गेला नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी उजव्या कुशीवर झोपले आणि सकाळपर्यंत उठले नाही. एकूण बारा सिटिंग झाली, आठवड्यातून दोनदा. बाराव्यानंतर फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिता येऊ लागली.

आता वादाकडे येते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, यांची नागपूरच्या महाल भागात रक्त-लघवी तपासणीची लॅब होती. त्यांनी ही हकीकत ऐकली आणि भरल्या पंगतीत विचारले, “नडगीत सुई टोचून खांदा बरा होते का वं? मग शिंप्याले त कधी काही व्हायलाच नाही पाहिजे!” सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन मात्र रात्रभर उत्तर शोधत बसले.

त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे आहे आणि दोन्ही मुद्दे पोकळ नाहीत. पहिला असा की, आखडलेला खांदा बहुधा एक ते तीन वर्षांत आपोआप सुटत जातो, तेव्हा श्रेय सुईचे की कालगतीचे? दुसरा मुद्दा त्यांनी जर्मनीतील एका मोठ्या चाचणीवरून काढला, जिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तीत जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर चिनी पद्धतीने नेमक्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला होता, आणि बिंदू नसलेल्या जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के रुग्णांना. भाऊजी हे दोन आकडे वाचून कागद मिटतात. त्याच चाचणीतला तिसरा आकडा मी त्यांना दरवेळी वाचून दाखवते: औषधे, व्यायाम आणि फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी केवळ २७.४ टक्के. सुई कोठे टोचली याने फारसा फरक पडत नसेल, तर बारा मुख्य मार्ग आणि ३६१ बिंदू यांच्या नकाशावर प्रश्नचिन्ह लागते हे मला मान्य आहे; ‘ची’ नावाची शक्ती त्या मार्गांतून वाहते यावर माझा आजही विश्वास नाही. परंतु मला नकाशा नको होता, झोप हवी होती, आणि ती मिळाली.

ते ‘चिनी खूळ’ म्हणतात तेव्हा मात्र मी गप्प बसत नाही. १९३८ साली युद्धातील जखमींवर उपचार करण्यासाठी चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सर्वांना ठाऊक असते. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, हे नागपूरकरांनाही ठाऊक नसते. त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात या उपचाराची सुरुवात त्यांच्यापासून झाली असे मानले जाते. २०१९ साली केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून उपचारकाला त्या कायद्याखालील परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

परंतु औषधांच्या बाबतीत भाऊजी जिंकले, आणि हे मी त्यांच्यासमोर अद्याप मोकळेपणाने कबूल केलेले नाही. त्याच उपचारकाने सातव्या सिटिंगनंतर मला काळ्या गोळ्यांची एक पुडी दिली. तिच्यावर घटकांची नावे नव्हती. विचारले तेव्हा “नैसर्गिक आहे, अपाय होत नाही” असे उत्तर मिळाले. महिनाभराने अन्नावरची वासना उडाली. भाऊजींनी बळेबळे रक्त घेतले, तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक, चांगलीच वाढलेली निघाली. गोळ्या थांबवल्या आणि दोन महिन्यांत ती पूर्ववत झाली. गोळ्यांमुळेच ती वाढली हे सिद्ध करता येणार नाही, पण पुडीवर काही लिहिलेलेच नसेल तर शोध तरी कशाचा घ्यायचा? ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोचिक आम्ल असलेली एक चिनी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. उलट बाजूही सांगते: हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे चिनी परंपरेतल्याच वनस्पतीतून निघाले आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. फरक इतकाच की, तेथे त्या वनस्पतीतला कार्यकारी घटक वेगळा काढून तपासला होता आणि माझ्या पुडीत काय होते ते मला शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हा सुया घ्याव्यात, बिननावाची गोळी घेऊ नये, आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

किती सिटिंग लागतील हे दुखण्यावर अवलंबून आहे; पाच-सहांनंतर तिळमात्र फरक नसेल तर मी पैसे घालवले नसते. आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गर्भवती स्त्रियांनी तसे स्पष्ट सांगावे, कारण अंगठा व तर्जनी यांच्यामधील ‘हेगू’सारखे काही बिंदू तेव्हा टाळतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर सुईला (काही उपचारक जोडतात ती) सौम्य वीज जोडण्यापूर्वी, खरे तर सुई टोचण्यापूर्वीच, सांगावे. छातीवर वा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेल्यास क्वचित फुप्फुसाला इजा होते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर धुमसत्या वनौषधीचा शेक तेथे घेऊ नये. भाजलेले कळत नाही. उपाशी पोटी जाऊ नये, नागपूरच्या मे महिन्यात तर मुळीच नाही, भोवळ येते. सुया एकदाच वापरायच्या असतात आणि त्यांचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले गेले पाहिजे. त्यावरील तारीख फार बारीक अक्षरांत असते, म्हणून चष्मा सोबत न्यावा.