वाचकांचे प्रश्न : वेगळी बराक आणि एकांतवास यांतला फरक

तृतीयपंथी कैद्याला पुरुषांच्या बराकीत ठेवायचे की महिलांच्या? सगळीकडे चालेल असा सोपा नियम नाही का?

सोपा नियम लावला की कोणाला तरी इजा होते. अमेरिकेत डी फार्मर या ट्रान्स महिलेला (जन्मावेळी पुरुष नोंद, पण स्वतःची ओळख स्त्री) पुरुषांच्या तुरुंगात सर्वसाधारण कैद्यांत ठेवले. तिथे मारहाण आणि बलात्कार झाल्याची तिची तक्रार होती. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गंभीर धोका ठाऊक असून डोळेझाक करणारा तुरुंगाधिकारी जबाबदार ठरतो. उलट इंग्लंडमध्ये २०१७ साली एका ट्रान्स कैद्याला पूर्वीचे लैंगिक गुन्हे न तपासताच महिलांच्या तुरुंगात धाडले गेले आणि तिथल्या महिलांवर अत्याचार झाले. म्हणून निर्णय माणसागणिक. अमेरिकेच्या २०१२ च्या नियमांत दाखल झाल्यापासून ७२ तासांत धोक्याची तपासणी, ३० दिवसांत फेरतपासणी आणि जागेचा निर्णय वर्षातून किमान दोनदा पुन्हा पाहणे, असा क्रम दिला होता. (२०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने तिथले धोरण उलट दिशेने नेले, तो वाद कोर्टात गेला.) क्रम मात्र कुठेही वापरण्याजोगा आहे.

तपासणी फसते ती बहुधा जागेमुळे. गेटवरच्या रांगेत, बाकीचे कैदी ऐकत असताना ‘तुला काही त्रास?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार आणि फायलीत ‘तक्रार नाही’ अशी नोंद पडणार. बंद खोलीत विचारावे : कोणत्या नावाने हाक मारायची, कुठे सुरक्षित वाटेल, आधी हल्ला झाला होता का, आत कोणाशी वैर आहे का, कोणती औषधे चालू आहेत. गुन्ह्याचे स्वरूप आणि मागच्या कोठडीतली वागणूक कागदांवरून पाहावी. कैद्याचे म्हणणे गांभीर्याने घ्यायचे, पण निर्णय केवळ त्यावर नाही.

सुरक्षेसाठी एकट्याला कोठडीत ठेवले तर बिघडले कुठे?

तुरुंगातले नियम मोडल्याची शिक्षा भोगणाऱ्याला आणि संरक्षण हवे असणाऱ्याला एकाच कुलपात ठेवले, हे बिघडले. नेल्सन मंडेला नियमांनुसार (संयुक्त राष्ट्रे, २०१५) दिवसाचे २२ तास किंवा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपुढे तो निषिद्ध. ‘संरक्षण’ असे नाव दिल्याने तास कमी होत नाहीत. शिवाय काम, वर्ग, वाचनालय, मुलाखती सुटतात. कामाची मजुरी बुडते, कधी शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीचे दिवसही. परिणाम असा, की पुढचा माणूस हल्ला झाला तरी तक्रार करत नाही, कारण तक्रारीचे बक्षीस कोठडी.

भारताच्या गृह मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सल्ल्यात हेच सांभाळले आहे : ट्रान्स पुरुष आणि ट्रान्स महिलांसाठी वेगवेगळ्या जागा, स्वच्छतागृह-स्नानगृहाचा खाजगीपणा, पण संपूर्ण अलगीकरण नको. रात्री बंदीची जागा वेगळी आणि दिवसा काम-वर्गाला, देखरेखीखाली, सगळ्यांबरोबर, हा व्यवहार्य मार्ग. वेगळे ठेवावेच लागले तर कारण लेखी हवे, पुढच्या आढाव्याची तारीख त्याच कागदावर हवी. तारीख नसेल तर ‘तात्पुरते’ महिनोन्महिने चालते.

स्वतंत्र इमारत बांधायला पैसे नाहीत. मग?

इमारत नसली तरी अंघोळीची वेळ वेगळी करता येते. आडोशाला खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा दरवाजा बसवावा : पहारेकऱ्याला डोके आणि पाय दिसतात, शरीर दिसत नाही. बराकीत झोपण्याची जागा पहाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवी, कोपऱ्यात नको. बराकीतल्या ‘प्रमुख’ कैद्याच्या भरवशावर मुळीच सोडू नये. अनेकदा वसुली तिथूनच सुरू होते.

झडती कोणी घ्यावी?

कैद्याने निवडलेल्या लिंगाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीने, आडोशाला. केवळ जननेंद्रिये पाहण्यासाठी झडती घेऊ नये. माहिती हवी असेल तर विचारावी. कपडे उतरवून झडती झाली, तर कोणी, का घेतली आणि काय सापडले याची नोंद व्हावी.

लिंगबदलासाठी बाहेर चालू असलेली हार्मोन्स आत बंद करता येतात का?

सोय नाही म्हणून बंद करू नयेत. वृषणे किंवा बीजांडकोश काढलेल्या व्यक्तीचे शरीर स्वतः पुरेसे हार्मोन बनवत नाही. गोळ्या थांबल्या की अंगात वाफा येतात, मन खचते, पुढे हाडे ठिसूळ होतात. जुनी चिठ्ठी नसेल तर डॉक्टरांनी आधीच्या रुग्णालयाला विचारावे. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारे औषध) चालू असेल तर पोटॅशियम, मूत्रपिंडाचे काम आणि रक्तदाब तपासत राहावे. बदलीच्या वेळी औषधाची यादी आणि काही दिवसांचा साठा कैद्याबरोबर जायला हवा, कारण खंड बहुतेकदा याच प्रवासात पडतो.