होपी काचिना बाहुल्या म्हणजे देवाच्या मूर्ती की खेळणी? घरात ठेवल्या तर चालतं का?

दोन्ही नाही. मी फिनिक्सला राहते आणि ॲरिझोनाच्या उत्तरेकडे होपी या अमेरिकन मूलनिवासी जमातीची गावं आहेत, तिथे दोनदा जाऊन आले आहे.

होपी लोक 'कात्सिना' म्हणतात, आणि हे बाहुलीचं नाव नव्हेच. कात्सिना म्हणजे ढग, पाऊस, मका, प्राणी, पूर्वज यांच्या आत्मशक्ती. हिवाळ्यात त्या गावात येतात, चौकात नाचतात आणि जुलैच्या सुमारास निमान या निरोपाच्या विधीनंतर फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर परततात. या मुक्कामात त्या मुलींना लाकडी बाहुली भेट देतात. तिला म्हणतात 'तिहू'. तान्ह्या बाळाची पहिली तिहू चपटी असते, बहुतेकदा हाहाय-ई-वूतीची. ही सगळ्या कात्सिनांची आई. प्राणप्रतिष्ठा नाही, पूजा नाही. बाळ निरोगी वाढावं, ही प्रार्थनाच त्या लाकडात असते.

मला सगळ्यात भिडलं ते लाकूड. तिहू कॉटनवूड नावाच्या झाडाच्या मुळापासून कोरतात, खोडापासून नाही. एका कारागिराने वाळलेला तुकडा हातात दिला, तर सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा धरावा इतका हलका. हे झाड ओढ्याकाठी वाढतं आणि त्याचं मूळ पाण्याच्या शोधात जातं. होपी मका पिकवतात तो कोरड्या पठारावर, पाटपाण्याशिवाय, बी वीतभर किंवा त्याहूनही खोल ओलीत पेरून. तिथे पाण्याचा माग काढणारं मूळ लेकीच्या हाती देणं म्हणजे काय, हे दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

विकत घ्यायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होपी पुरुष विक्रीसाठीही कोरत आले आहेत. पण शक्यतो होपी कारागिराकडूनच घ्या. दुसऱ्यांची वस्तू मूलनिवासींची म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी नकली माल दुकानांत भरपूर दिसतो.

कात्सिनांच्या नाचातले मुखवटे मात्र कधीही घेऊ नका. ते होपींना सजीव वाटतात. २०१३ मध्ये पॅरिसला त्यांचा विरोध डावलून लिलाव झाले, तेव्हा ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकन धर्मादाय संस्थेने डिसेंबरच्या लिलावात २४ पवित्र वस्तू घेतल्या, त्या परत करण्यासाठीच. त्यातल्या २१ होपींच्या होत्या. गावात गेलात तर फोटोही काढू नका, फोन गाडीतच ठेवा.

तुमची तिहू देव्हाऱ्यात नको. होपी घरांत ती भिंतीवर किंवा आढ्याला टांगतात. आमची लेकीच्या पलंगाशेजारी, खिळ्याला आहे.